पाऊस पडतो शिवारात, मोजला जातो मंडळात

मराठवाडा म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आणि टँकरमागे धावणाऱ्या बायका येतात. किनवट तालुक्यातलं इस्लापूर या चित्रात बसत नाही. सागाचं जंगल, डोंगर, आदिवासी पाडे आणि बंजारा तांडे असलेला नांदेड जिल्ह्याचा हा कोपरा मराठवाड्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात मोडतो. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. ऑगस्टात नदी दुथडी भरली की तिथे गाड्यांची रांग लागते, लोक मोबाइल उंचावून पाण्याचे व्हिडिओ काढतात. त्याच पाण्यामुळे काठावरच्या वावरातला कापूस आणि सोयाबीन चिबडलेलं असतं.

या भागात पारावर कुणालाही विचारा, पाऊसमान बदललं हे तो सांगेलच. मृगाचा भरवसा राहिला नाही, झड लागली की सुटत नाही, उघडीप पडली की महिनाभर थेंब नाही. पण तहसीलवर मोर्चा जातो तेव्हा निवेदनात काय असतं? पंचनामे करा, सरसकट मदत द्या, विमा मंजूर करा, ओला दुष्काळ जाहीर करा. कोळसा जाळणं कमी करा, तापमानवाढ रोखा, असं निवेदन घेऊन आलेला शेतकरी तहसीलदारांना बहुधा भेटलेला नसेल.

इथे शहरातले जाणकार ‘जागृती नाही हो’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आभाळात काहीतरी घडणं, लोकांचं मत बनणं आणि सरकारने नियम बदलणं या तीन गोष्टींमधला रस्ता सरळ नाही. तो धरणाच्या कालव्यासारखा आहे. वर पाणी कितीही सोडलं तरी वाटेत दारं आहेत, गळती आहे, कुणी मध्येच पाइप टाकून ठेवलाय. टेलच्या शेतकऱ्याला काय मिळेल हे धरणातल्या साठ्यावरून सांगता येत नाही. अनुभवाचं मत होताना आणि मताचा नियम होताना अशीच दारं लागतात. ती एकेक पाहू.

पहिलं दार: आठवण

‘७२च्या दुष्काळात पाणी होतं, धान्य नव्हतं, आता धान्य आहे, पाणी नाही.’ २०१६ साली लातूरमध्ये हे वाक्य प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी होतं. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिलं पाणी घेऊन लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी येऊ लागली. देशभरातल्या वाहिन्यांनी ती दाखवली. त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरलं आणि लातूरच्या बातम्या बंद झाल्या.

धरण भरताच ऊसही परत आला. २०१९मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस करणारा अहवाल सरकारला दिला. बंदी काही आली नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, तुरीला नाही. एवढं कारण शेतकऱ्याला पुरेसं असतं. टंचाईतला निश्चय पहिल्या दमदार पावसात विरघळतो, हे लातूरने पाहिलंय.

आठवण अशी आखूड का असते, याचा माग काढणारा एक मजेशीर अभ्यास २०१९मध्ये अमेरिकेत झाला. फ्रान्सिस मूर आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या दोन अब्जांहून अधिक नोंदी चाळल्या. नेहमीपेक्षा वेगळ्या हवेबद्दल लोक कधी बोलतात आणि कधी बोलायचं सोडून देतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. लोक ‘नेहमीचं’ म्हणून जे धरतात ते साधारण मागच्या दोन ते आठ वर्षांवरून ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे विचित्र उन्हाळे ओळीने आले तर पाच-सहा वर्षांत तेच रूढ होतात आणि त्यावर कुणी बोलत नाही. हवामानशास्त्र तीस वर्षांची सरासरी धरतं. माणूस एवढं मागचं धरत नाही.

शेतकऱ्याची आठवण मात्र शहरी माणसाहून लांब असावी असं मला वाटतं, कारण ती पेऱ्याशी आणि कर्जाशी बांधलेली असते. कोणत्या साली दुबार पेरणी झाली हे त्याला सोसायटीच्या थकबाकीवरून सांगता येतं.

दुसरं दार: दोष कुणाचा

आठवण पक्की असली तरी पुढचा प्रश्न उरतोच. हे झालं कुणामुळे? पूर एकच असतो, पण त्याची उत्तरं तीन असतात.

पहिलं उत्तर, निसर्गाचा कोप. त्यावर मागणी एकच, मदतीची.

दुसरं उत्तर, माणसाची चूक. पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. (इस्लापूर आणि इसापूर या नावांत बाहेरच्यांचा हमखास गोंधळ होतो, गावं वेगळी, नदी एक.) महापूर आला की धरणाचे दरवाजे उशिरा उघडले, एकदम उघडले, अशी तक्रार काठावर होतेच. ऑगस्ट २०२५मध्ये नांदेडच्याच मुखेड तालुक्यात रात्रीतून आभाळ कोसळलं, रावणगाव आणि हसनाळसारखी गावं पाण्यात गेली, माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं. तिथे लोकांचा राग पावसावर कमी आणि लेंडी धरणाचं रखडलेलं पुनर्वसन यावर जास्त होता. तो अनाठायी होता असं कोण म्हणेल? गाव वेळेत उठलं असतं तर तोच पाऊस रिकाम्या घरांवर पडला असता.

तिसरं उत्तर, तापलेली पृथ्वी. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. ढग रिता व्हायला लागला की ते बाष्प थोड्या तासांत खाली येतं, आणि दोन पावसांमधला कोरडा काळ लांबतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि एकूण मोसमी पाऊस मात्र कमी झाला. पाऊस कमी आणि पूर जास्त, हे पारावरचं गाऱ्हाणं आकडेवारीतही दिसतं.

तीन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. मुखेडमध्ये तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पण माणूस त्यातलं कोणतं उचलतो यावर त्याची मागणी ठरते. २०२५मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात ६८ देशांतल्या सत्तर हजारांहून अधिक लोकांच्या मतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपत्तीचा फटका किती लोकांना बसला, यावरून हवामान धोरणांना किती पाठिंबा आहे हे बहुतेक आपत्तींच्या बाबतीत सांगता येईना. ‘ही आपत्ती हवामान बदलामुळे वाढली’ असं जिथे लोक मानत होते, तिथे पाठिंबा जास्त होता. भिजणं पुरेसं नाही. भिजण्याचं कारण काय मानलं हे महत्त्वाचं. त्यातही जंगल राखायला बहुतेक तयार होते, इंधनावरच्या कराला मात्र पाठिंबा त्याहून खूपच कमी होता. हे कळायला ६८ देश फिरायची गरज नव्हती, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

आपल्याकडे हे तिसरं उत्तर लोकांना ठाऊक नाही का? येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२मध्ये देशभर विचारलं तेव्हा ५४ टक्के लोकांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग’बद्दल थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही, असं सांगितलं. मग त्याच लोकांना दोन ओळींत अर्थ समजावून पुन्हा विचारलं, तर ८४ टक्के म्हणाले, हो, हे घडतंय. अनुभव होता, त्याला सरकारी-शास्त्रीय नाव जोडलेलं नव्हतं.

तिसरं दार: मिलिमीटर

आता खरं कुलूप. सरकारी मदत रागावर मिळत नाही, निकषावर मिळते. महाराष्ट्रात अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. तालुक्यात अशी काही मंडळं असतात. इस्लापूर हे किनवटमधलं एक. एका मंडळाखाली अनेक गावं येतात आणि त्यांचा पाऊस मंडळाच्या ठिकाणच्या हवामान केंद्रात मोजला जातो. डोंगराळ भागात एका नाल्यावर ढग फुटतो आणि चार किलोमीटरवर रस्ता कोरडा असतो. केंद्र कोरड्या बाजूला असलं तर नोंद येते चाळीस मिलिमीटर, आणि वावर खरडून गेलेला शेतकरी अतिवृष्टीच्या यादीच्या बाहेर राहतो. म्हणूनच ‘पर्जन्यमापक गावात बसवा’ ही मागणी मोर्चांमध्ये ऐकू येते. वरवर किरकोळ वाटणारी ही मागणी माझ्या मते मराठवाड्यातली सर्वांत टोकदार हवामान-मागणी आहे.

> चौकट: ६५ मिलिमीटर म्हणजे किती पाणी?
> एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा ६५ मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. लातूरला ‘जलदूत’ने पहिल्या फेरीत आणलेलं पाच लाख लिटर पाणी म्हणजे दोन एकरांवरही पुरी न होणारी एका दिवसाची अतिवृष्टी.

याच कुलपाशी झगडून लोकांनी काही नियम बदलून घेतले आहेत. पूर्वी निम्म्याहून कमी पीक गेलं तर मदतीचा प्रश्नच नसे. २०१४ची गारपीट आणि २०१५ची अवकाळी यांनी उभी पिकं झोपवली, देशभर ओरड झाली, आणि एप्रिल २०१५मध्ये केंद्राने ५० टक्के नुकसानीची अट ३३ टक्क्यांवर आणली.

झडीची गोष्ट आणखी बोलकी आहे. दिवसाला पंधरा-वीस मिलिमीटर पाऊस आठ-दहा दिवस पडत राहिला की सोयाबीन पिवळं पडतं, मुळं कुजतात, काढणीला आलेल्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. पण एकाही दिवशी ६५चा आकडा गाठलेला नसतो. कागदावर काहीच झालेलं नसतं. वर्षानुवर्षं शेतकरी हे सांगत होते. शेवटी एप्रिल २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मान्य केली. मंडळात सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस ही तिची मुख्य अट. अवकाळी पाऊस आणि वीज पडणं यांसारख्या राज्याने आधीच मान्य केलेल्या आपत्तींत ही भर पडली.

दुष्काळाचंही तसंच. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. राज्याने ऑक्टोबरअखेर ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. बाकीच्या तालुक्यांत आगडोंब उसळला, आणि पंधरवड्याच्या आत हजाराच्या आसपास महसूल मंडळं ‘दुष्काळसदृश’ म्हणून जाहीर झाली. आभाळ तेच, पंधरवडा तोच. लोकांचा आवाज वाढला तसा दुष्काळाचा नकाशा वाढला.

आवाज बसला की नियम मागेही जातो. २०२३च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. बोगस अर्जांचं प्रकरण गाजलं, आणि २०२५च्या खरिपात ती सवलत गेली. तिच्याबरोबर पेरणी न होणं, हंगामातली प्रतिकूल हवा, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान या चार बाबींवरचं विमा संरक्षणही राज्याने काढलं. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर उरली. नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेड पाण्यात गेले.

चौथं दार: मदत की तयारी

एवढ्या मागण्या मदतीच्याच का? पूर येण्याआधी नाला रुंद करा, पूल उंच करा, गाव उठवा, यासाठी मोर्चा का निघत नाही?

मतपेटीत याचं उत्तर आहे. शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर यांनी भारतातल्या विधानसभा निवडणुका तपासून २०१२मध्ये निबंध लिहिला. पाऊस बिघडला की मतदार सत्ताधाऱ्यांना शिक्षा करतो, जणू पाऊस मंत्रालयातूनच सुटतो; पण सरकारने तातडीने मदत वाटली तर शिक्षा थोडी सौम्य होते. हीली आणि नील मल्होत्रा यांनी अमेरिकेबद्दल २००९मध्ये दाखवलं होतं की मतदार मदतीचं बक्षीस देतात, पूर्वतयारीचं देत नाहीत. आणि तिथे तयारीवर खर्चलेला एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. न आलेल्या पुराचा पंचनामा होत नाही. मग आमदाराने रुंद नाल्याचं भूमिपूजन करावं की मदतीच्या धनादेशाचा फोटो काढावा?

मराठवाड्यात तयारीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. डिसेंबर २०१४चं जलयुक्त शिवार आणि २०१८पासून जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ‘पोकरा’, हे दोन्ही दुष्काळातून उगवले. पोकरा तर उघडपणे हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीच होता. पण तो गावात ओळखला गेला शेततळं, ठिबक आणि शेडनेटच्या अनुदानावरून. योजनेचं नाव काही असो, लाभार्थी यादीत आपलं नाव आहे का, हे आधी पाहिलं जातं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एकदा सगळी दारं उघडली होती

आपत्तीतून मत, मतातून मागणी, मागणीतून कायमचा कायदा, असं सरळ पाणी वाहिल्याचं महाराष्ट्रात एक ठळक उदाहरण आहे, आणि ते १९७२चं आहे. त्या दुष्काळात मे १९७३च्या सुमारास जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती, सुकडी खात होती. एका ठिकाणी जमलेल्या एवढ्या मजुरांनी मजुरीसाठी, उशिरा मिळणाऱ्या पगारासाठी मोर्चे काढले, संप केले. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना १९६५पासून तासगावजवळ लहान प्रमाणात आजमावून झाली होती. वापरून पाहिलेली योजना तयार होती आणि ती मागणारी गर्दी समोर होती. पैशासाठी १९७५मध्ये शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते याच कराचे. १९७७मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ला लागू झाला, आणि २००५मध्ये देशाने तीच वाट धरली.

ऑक्टोबर २०२५मध्ये राज्याने पूरग्रस्तांसाठी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि तीन लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून, अशी तरतूद होती. कोरड्या दुष्काळात जन्मलेली योजना पुरात वाहून गेलेली माती परत टाकायला वापरायची ठरली.

पण १९७३ची गर्दी मजुरांची होती आणि कायदा मजुराच्या बाजूने झाला. आजचा मोर्चा सातबाऱ्यावर चालतो. पूर ओसरला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (सरकारने तिघांची पदनामं बदलली, गावाने नाही) बांधावर येतात. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र लिहून घेतात. इस्लापूर भागात पाडे-तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं दुसऱ्याच्या वावरात निंदणी, कापूस वेचणी आणि सोयाबीनच्या काढणीवर वर्ष काढतात. घरात पाणी शिरलं तर त्यांना मदत आहे. पण सोयाबीन वावरातच कुजलं की काढणीचा उक्ता गेला, कापूस काळा पडला की वेचणी गेली. पंचनाम्याच्या तक्त्यात त्या बुडालेल्या रोजासाठी रकाना नाही, आणि तो मागणारं निवेदन अजून तहसीलवर पुरेशा मोठ्या गर्दीने आणलेलं नाही.